बॅट रुळवणं आणि बॅटवर रूळ फिरवणं

नवी कोल्हापुरी चप्पल पहिले काही दिवस चावते. तेल लावून, घरातल्या घरात घालून ती हळूहळू रुळते. क्रिकेटच्या नव्या बॅटचंही तसंच. जवसाचं तेल चोळायचं, मग मोज्यात घातलेल्या जुन्या लेदर बॉलने किंवा लाकडी हातोडीने तासन् तास ठोकत बसायचं. हे आपल्या अंगात इतकं मुरलंय, की डब्लिनमध्ये (ऑहायोतलं नव्हे, कॅलिफोर्नियातलं, 580 महामार्गालगतचं) मुलाने क्रिकेटऐवजी बेसबॉल निवडला, घरात 300-400 डॉलरची कंपोझिट बॅट आली आणि कुणी म्हणालं, “सीझनआधी रोल करून घ्या,” तर त्यात आपल्याला काही खटकत नाही. नॉकिंगच हे, फक्त मशीनवरचं, असं वाटतं.

ते तसं नाही. या धंद्याची भाषा मात्र ते तसंच वाटावं अशी बेतलेली आहे. माझी तक्रार मशीनपेक्षा त्या भाषेबद्दल जास्त आहे.

मशीन साधं असतं. रसवंतीतला चरक आठवा. दोन कडक रूळ, त्यांच्यामध्ये उसाऐवजी बॅटचा फुगीर भाग, म्हणजे बॅरल. वरचा स्क्रू पिळून दाब द्यायचा, हँडल फिरवून बॅट मागेपुढे न्यायची, थोडी वळवायची, पुन्हा दाबायची. काही जण आधी बॅट गरमही करतात. दहा-पंधरा मिनिटांत काम होतं. शेकडो फटक्यांचा वेळ वाचला, असं सांगितलं जातं.

पण आत काय होतं ते बघा. विलोचं लाकूड ठोकलं की वरचे तंतू दाबले जातात, पृष्ठभाग घट्ट होतो आणि बॅट चिरायची शक्यता कमी होते. (बॅटच्या कारखान्यातही विलो रुळाखालून काढतातच, तेही याच कारणासाठी.) कंपोझिट बॅट पोकळ असते. तिची भिंत म्हणजे रेझिनमध्ये बसवलेले कार्बन तंतूंचे थर. रुळाच्या दाबाने त्या रेझिनला बारीक तडे जातात, थर एकमेकांपासून सुटू लागतात, भिंत लवचीक होते. मग चेंडू आदळला की भिंत आत जाते आणि त्याला परत फेकते. चेंडू स्वतः कमी चेपला जातो, म्हणून ऊर्जा कमी वाया जाते आणि तो जास्त वेगाने सुटतो. थोडक्यात, विलोची बॅट ठोकल्याने टिकाऊ होते, कंपोझिट बॅट दाबल्याने मोडायला लागते, आणि मोडता मोडता काही काळ जोरात चालते. दोन्हींना एकच शब्द वापरणं ही चलाखी आहे.

यावर विक्रेत्यांचं एक उत्तर असतं, आणि ते अगदीच फोल नाही: नेहमीच्या फटक्यांनीही हेच होतं, आम्ही फक्त लवकर करतो. खरं आहे. म्हणूनच तर नियम बदलले. 2009 साली अमेरिकेतल्या कॉलेज बेसबॉलने कंपोझिट बॅटी थांबवल्या, कारण नव्या असताना चाचणीत पास झालेल्या बॅटी वापरानंतर मर्यादेबाहेर जात होत्या. 2010 च्या डिसेंबरात लिटल लीगनेही लहान मुलांच्या गटांत कंपोझिट बॅरलवर बंदी आणली. त्यानंतर प्रयोगशाळांनी काय केलं? हेच मशीन आणलं. बॅट मुद्दाम रुळाखाली घालायची, पुन्हा चेंडू मारून मोजायचं, पुन्हा रूळ. असं करताना बॅट मर्यादा ओलांडते का, की त्याआधीच फुटते, ते तपासायचं. आज हायस्कूलच्या बॅटवर दिसणारा बीबीसीओआर .50 चा शिक्का कंपोझिट बॅटला ही परीक्षा दिल्याशिवाय मिळत नाही. लिटल लीगमध्ये 2018 पासून यूएसए बेसबॉलचा शिक्का लागतो.

आता जाहिरात पुन्हा वाचा. चेंडू अमुक फूट जास्त लांब जाईल, आणि बॅट नियमात राहील. एका वेळी दोन्ही कसं खरं असेल? दावा खरा असेल तर बॅट शिक्क्याच्या मर्यादेपलीकडे गेली. खोटा असेल तर तुम्ही पैसे देऊन बॅटचं आयुष्य कमी करून आणलंत, आणि बहुतेक उत्पादकांची वॉरंटीही घालवलीत. शिवाय कामगिरी वाढवण्यासाठी बॅटमध्ये बदल करणं नियमात बसत नाहीच, मग ते घरच्या गॅरेजमध्ये करा की दुकानात. बाहेरून ते दिसत नाही, एवढाच या धंद्याचा आधार. शिक्का जसाच्या तसा राहतो.

आणि समोर कोण उभं असतं? लिटल लीगच्या मैदानावर पिचर 46 फुटांवर असतो. चेंडू टाकून पुढे झुकला की अंतर आणखी कमी होतं. दहा-अकरा वर्षांचं पोर, चेहऱ्यावर काही नाही. बॅटची मर्यादा ठरवली ती त्याला हात वर करायला वेळ मिळावा म्हणून. तो बहुधा आपल्याच मुलाच्या शाळेतला असतो.

मग नवी बॅट करायची काय? जे क्रिकेटच्या बॅटचं केलंत तेच: वेळ द्यायचा. आधी टीवर चेंडू ठेवून अर्ध्या जोराने, मग हळू टाकलेल्या चेंडूंवर जोर वाढवत नेत, दर फटक्याला बॅट थोडी फिरवून, म्हणजे झीज सगळीकडून सारखी होते. दीडशे-दोनशे फटके. खरा बेसबॉल वापरा, बॅटिंग केजमधले खळगेवाले रबरी चेंडू नकोत. फेब्रुवारीतल्या गार सकाळी तर नवी बॅट बाहेर काढूच नका. थंडीत चेंडू कडक होतो आणि कंपोझिट चिरते, त्या दिवशी जुनी अ‍ॅल्युमिनियमची चालेल. हे काम मुलाकडूनच करून घ्या. आजोबा पुण्याहून आले असतील तर टीवर चेंडू ठेवायला ते आनंदाने बसतील.

तरीही कुणी मशीनचा आग्रह धरलाच, तर त्याला एवढंच विचारा: रोल केल्यावर ही बॅट सामन्यात वैध राहील, असं तुम्ही पावतीवर लिहून द्याल का?