हृदयाच्या रंगीत चित्रातले धागे

हृदयाचे एक विशिष्ट प्रकारचे चित्र हल्ली पुस्तकांत आणि भित्तिचित्रांत वारंवार दिसते. काळ्या पार्श्वभूमीवर हृदयाचा आकार, आणि तो सगळा रंगीत धाग्यांनी विणलेला. बाहेरचे निळे धागे एका बाजूला कलत खाली उतरतात, आतले तांबडे त्याच्या उलट कलतात आणि मधले हिरवे कमरपट्ट्यासारखे आडवे जातात. चित्र देखणे आहे यात वाद नाही. मीही ते अकरावीच्या वर्गात दाखवले आणि ‘हे हृदयाच्या स्नायुतंतूंचे छायाचित्र’ असे सांगून मोकळा झालो. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, यातला एक धागा सुरू कुठे होतो आणि संपतो कुठे?" मला उत्तर देता आले नाही. नंतर लक्षात आले की माझ्या वाक्यातले ‘छायाचित्र’ आणि ‘तंतू’ हे दोन्ही शब्द चुकीचे होते.

आधी तंतू. दंडाच्या स्नायूत तंतू म्हणजे खरोखरच एक लांबलचक पेशी असते. तिला सुरुवात असते, शेवट असतो, टोकाला कंडरा असते. हृदयात तसे नाही. तिथली पेशी साधारण 100 मायक्रोमीटर लांब आणि 10 ते 20 मायक्रोमीटर जाड. तिला फाटे फुटतात, आणि टोकांशी असलेल्या चकत्यांनी ती शेजारच्या अनेक पेशींना जोडलेली असते. म्हणजे हे दोरांचे गुंडाळे नसून जाळे आहे. जाळ्यात विणीची दिशा दाखवता येते, एक धागा सुटा काढता येत नाही. मुलाचा प्रश्न नेमका इथे बोट ठेवत होता.

मग या दिशेला एवढे महत्त्व का? थोडे गणित करून पाहावे. आकुंचन होताना पेशी सुमारे 15 टक्के आखडते. तिचे घनफळ कायम धरले तर तिची जाडी 8-9 टक्केच वाढेल. प्रत्यक्षात डाव्या जवनिकेची (आताच्या पुस्तकांतले निलय) भिंत 30 ते 40 टक्के जाड होते आणि आतले निम्म्याहून अधिक रक्त बाहेर फेकले जाते. एवढ्याशा आखडण्यातून एवढे मोठे काम निघते ते मांडणीमुळे. 1969 साली स्ट्रीटर आणि सहकाऱ्यांनी कुत्र्याच्या हृदयाच्या भिंतीचे पातळ काप घेऊन कोन मोजले, तेव्हा पेशींची दिशा आतल्या पृष्ठभागापासून बाहेरच्या पृष्ठभागापर्यंत सुमारे अधिक 60 अंशांपासून उणे 60 अंशांपर्यंत हळूहळू फिरत जाते असे दिसले. 1995 मध्ये न्यूझीलंडमधील ऑकलंडच्या लेग्रिस आणि सहकाऱ्यांनी दाखवले की या पेशी साधारण चार पेशी जाडीच्या थरांत रचलेल्या असतात. आकुंचनात हे थर एकमेकांवरून घसरतात. भिंत जाड होण्याचा मोठा वाटा या घसरण्याचा आहे असे मानले जाते.

स्पेनमधले डॉक्टर फ्रान्सिस्को टॉरेंट-ग्वास्प यांनी मात्र वेगळेच सांगितले. हृदय उकळून, संयोजी ऊती सैल करून ते बोटांनी उलगडत गेले, आणि शेवटी त्यांच्या हाती एक लांब पट्टा आला. फुफ्फुस धमनीपासून महाधमनीपर्यंत पीळ घालून गुंडाळलेला हा पट्टा म्हणजेच हृदय, असे त्यांचे म्हणणे. ही कल्पना फार लोकप्रिय झाली, कारण ती हातात धरून दाखवता येते. रॉबर्ट अँडरसन यांच्यासारख्या शरीररचनाशास्त्रज्ञांचा आक्षेप साधा पण भारी आहे : या पट्ट्याला कडा कुठे आहे? त्याला शेजारच्या स्नायूपासून वेगळे करणारे आवरण सापडत नाही. मग पट्टा हृदयात होता की सोलणाऱ्याच्या बोटांत? आम्ही शाळेत बकऱ्याची दोन हृदये उकळून दोन गटांना सोलायला दिली (ज्यांच्या घरी चालत नाही त्यांना अर्थातच सक्ती नव्हती). दोन्ही गटांना सुबक पट्टे मिळाले, पण ते एकमेकांसारखे नव्हते.

आता छायाचित्र. जिवंत माणसाच्या बाबतीत रंगीत चित्र येते ते एमआरआय यंत्रातून, आणि यंत्र पेशी पाहतच नाही. ते पाहते पाण्याच्या रेणूंचे विसरण. पेशीच्या लांबीच्या दिशेने पाणी मोकळेपणी सरकते, आडवे जाताना पटलांना अडते. कुठल्या दिशेने ते अधिक सरकले यावरून पेशी कशा पडल्या असतील याचा अंदाज बांधतात. ही युक्ती विलक्षण आहे. ज्या हृदयाचे भाग ठोक्यागणिक सेंटीमीटरभर हलतात, त्यात काही मायक्रोमीटरांचे सरकणे मोजायचे!

पण मोजमापाचा ठोकळा केवढा? साधारण 2 × 2 × 8 मिलिमीटर. वर दिलेल्या मापाची पेशी 100 × 20 × 20 मायक्रोमीटरची धरली तर असल्या एका ठोकळ्यात आठ लाख पेशी बसतात. केशवाहिन्या आणि संयोजी ऊती वगळल्या तरी काही लाख. या लाखोंची मिळून एक सरासरी दिशा. ठोकळ्यामागून ठोकळ्यातल्या दिशा जोडत संगणक रेषा ओढतो, तोच आपला धागा. त्याची जाडी, त्याचा रंग, तो कुठे थांबवायचा, हे सारे चित्र काढणाऱ्याने ठरवलेले असते.

हा केवळ शब्दांचा कीस नाही. हृदयाचा स्नायू अकारण जाड होण्याचा एक आनुवंशिक आजार आहे. तरुण खेळाडूंच्या अचानक मृत्यूमागे कधीकधी तो सापडतो. त्यात पेशींची वीण विस्कटते, आणि ती विस्कट पूर्वी सूक्ष्मदर्शकाखालीच, म्हणजे बहुधा मृत्यूनंतरच दिसे. 2019 मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी अशा रुग्णांत विसरणाच्या दिशेचा ठामपणा सांगणारा आकडा मोजला. ज्यांच्यात तो कमी होता त्यांच्यात जवनिकेच्या ठोक्यांची धोकादायक अनियमितता अधिक आढळली. मोठी आशा आहे ही. तरीही आकडा वीण विस्कटल्याने घसरतो तसा पेशींमध्ये व्रणऊती साठल्यानेही घसरू शकतो. त्या संशोधकांना म्हणूनच व्रणऊतींचे माप वेगळे घ्यावे लागले. रंगीत चित्रात या दोन कारणांना दोन रंग नसतात.

2024 मध्ये फ्रान्समधील ग्रेनोबलच्या सिंक्रोट्रॉनवर क्ष-किरणांनी दोन अख्खी मानवी हृदये 20 मायक्रोमीटरच्या बारकाव्याने टिपली गेली. एमआरआयच्या ठोकळ्यापुढे हे फारच पुढचे पाऊल, पण ती शरीराबाहेर काढलेली हृदये होती. शिवाय पेशींचे कोन तिथेही संगणकच आसपासच्या भागाच्या सरासरीतून काढतो.

चित्र मी अजून वर्गात लावतो. फक्त त्याच्या कोपऱ्यात, त्याच प्रमाणात, एका ठोकळ्याएवढा चौकोन काढून ठेवला आहे, आणि आत पेन्सिलीने लिहिले आहे : ‘इथे काही लाख पेशी.’