पाटी कुणाची, घर कुणाचे?

मँचेस्टरच्या चायनाटाऊनमध्ये १९८७ साली उभारलेली कमान आहे. लाल-सोनेरी रंग, ड्रॅगन. पाहुण्याला जो चीन हवा असतो तो तिथे उभ्याउभ्या मिळतो. तिथून चालत आम्ही थॉमस स्ट्रीटवरच्या समकालीन कलाकेंद्रात गेलो, तर तो चीन कुठेच हाती लागेना. आम्हाला हीच या केंद्राची जमेची बाजू वाटते. कलावंताने दर वेळी आपल्या समाजाचा नमुना म्हणून का उभे राहावे?

ब्रिटनमधल्या चिनी कलावंतांना हक्काची जागा मिळावी म्हणून १९८६ साली ही संस्था सुरू झाली. २००३ साली ती या इमारतीत आली. मात्र २०२१ साली तिच्याबरोबर काम करणाऱ्या काही कलावंतांनीच तिच्यावर वंशभेदाचा जाहीर आरोप केला. पाटी चिनी आणि कारभार बहुतांशी गोऱ्यांच्या हाती, हे कसे? असा त्यांचा सवाल होता. पुढे २०२३ मध्ये केंद्र 'ईएसईए कंटेम्पररी' या नावाने पुन्हा उघडले. चीनपुरती असलेली चौकट पूर्व आणि आग्नेय आशियापर्यंत रुंदावली.

नव्या नावाचे आम्ही स्वागत करतो; पण तेवढ्यावर समाधान मानत नाही. आम्ही उर्दू शाळेतले शिक्षक. पाटीवरच्या लिपीने शाळा उर्दू होत नाही, हे आम्ही जाणतो. तेव्हा वाचकहो, अशा केंद्रात गेलात तर चित्रे जरूर पाहा. आणि ती कुणी निवडली, हेही विचारा.