वस्ताद नसलेलं घर

धान घरात आलं, मळणी उरकली की आमच्याकडे मंडईचे दिवस सुरू होतात. चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर कुठे शंकरपट असतो, कुठे इनामी कुस्त्यांची आम दंगल, आणि रात्री नाटक. वडशाहून निघालेल्या कंपन्या रोज नव्या गावात उतरतात आणि प्रयोग पहाटेपर्यंत चालतो. लहानपणी एकाच दिवसात दुपारची खरी झुंज आणि रात्रीची लटकी झुंज पाहिलेला मी माणूस आहे. त्यामुळे अमेरिकेतल्या व्यावसायिक कुस्तीबद्दल ‘ते सगळं ठरवून केलेलं असतं’ असं कुणी म्हटलं, की मला तो मोठा आक्षेप वाटत नाही. ठरवून खेळलेल्या कुस्तीला आपल्याकडे ‘नुरा कुस्ती’ असा शब्दच आहे. आखाड्यात ती फसवणूक मानली जाते. तिकडे तोच धंदा आहे आणि प्रेक्षकाला ते माहीत असतं. नाटकातला खलनायक खरा नाही हे ठाऊक असूनही आमच्या गावातल्या बाया त्याला शिव्या घालतात, तसंच हे.

या धंद्यातल्या एका घराण्यावरचा ‘द आयर्न क्लॉ’ (२०२३) हा शॉन डर्किनचा चित्रपट मी गेल्या काही महिन्यांत तीनदा पाहिला. चित्रपट चांगला आहे. तरी दर वेळी तो संपल्यावर माझं त्याच्याशी भांडण होतं. ते भांडण इथे मांडतो आहे.

टेक्सासमधलं व्हॉन एरिक हे कुटुंब. बापाचं खरं नाव जॅक अ‍ॅडकिसन. रिंगणात त्याने जर्मन खलनायकाचं सोंग घेतलं, फ्रिट्झ व्हॉन एरिक हे नाव लावलं आणि पुढे मुलांनीही तेच लावलं. म्हणजे या घराण्याचं आडनावसुद्धा सोंगातून आलेलं. प्रतिस्पर्ध्याचं कपाळ पंजात धरून आवळायचं हा फ्रिट्झचा डाव, तोच चित्रपटाच्या नावातला लोखंडी पंजा. त्याला सहा मुलगे झाले. थोरला सहा वर्षांचा असताना १९५९ मध्ये अपघातात गेला. उरलेले पाचही कुस्तीत उतरले. डेव्हिड १९८४ मध्ये जपानच्या दौऱ्यावर वारला. माइकने १९८७ मध्ये, ख्रिसने १९९१ मध्ये आणि केरीने १९९३ मध्ये आत्महत्या केली. एकटा केव्हिन उरला. चित्रपट त्याच्या नजरेतून घडतो आणि झॅक एफ्रॉनने ही भूमिका फार संयमाने केली आहे. एवढं अवाढव्य शरीर आणि आत बोलता न येणारा माणूस.

अमेरिकेत या कुटुंबाच्या वाट्याला आलेल्या मरणांना ‘शाप’ म्हणायची पद्धत पडली. चित्रपटातला केव्हिनही शापाला भितो. दिग्दर्शक शापावर विश्वास ठेवत नाही हे उघड आहे. त्याचं बोट बापाकडे आहे. जेवणाच्या टेबलावर फ्रिट्झ आपल्या मुलांची आवडीनुसार क्रमवारी लावतो आणि ही क्रमवारी बदलू शकते असं बजावतो, तो प्रसंग हसत हसत येतो आणि अंगावर काटा आणतो. पण ‘बाप कठोर होता’ एवढ्यावर हे प्रकरण मिटत नाही. कठोर बाप आपल्याकडे गावोगाव आहेत. मग इथेच असं का झालं?

उत्तर चित्रपटात आहे, फक्त चित्रपट त्याच्यावर थांबत नाही. फ्रिट्झ या मुलांचा बाप आहे, वस्ताद आहे आणि कुस्त्या भरवणाऱ्या कंपनीचा मालकही आहे. घर, तालीम आणि पोटापाण्याचा धंदा, तिन्ही दारांच्या किल्ल्या एकाच माणसाच्या कमरेला. बाप माइकवर फार सक्ती करतो असं सांगायला केव्हिन आईकडे जातो, तर आई ते भावाभावांवर ढकलून मोकळी होते. मालकाविरुद्ध वस्तादाकडे जावं तर तो बापच. वस्तादाविरुद्ध बापाकडे जावं तर तोच मालक. माइकला गाणं-बजावणं आवडतं, पण डेव्हिड गेल्यावर त्याला रिंगणात उतरवलं जातं. ‘याला सोडा, याचा जीव यात नाही’ असं म्हणायचा अधिकार असलेला एकही माणूस त्या घरात नाही.

आपल्याकडच्या तालमीत हा अधिकार वस्तादाचा असतो. कुस्तीचं ‘घराणं’ हा शब्द आपण आता रक्ताच्या नात्याने वापरतो, पण पैलवानाला विचारा, तो आधी तालमीचं नाव सांगेल, मग वस्तादाचं, आणि मग बापाचं. दादू चौगुले राधानगरी तालुक्यातल्या अर्जुनवाड्याचे. ते घडले कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत, गणपतराव आंदळकरांच्या हाताखाली. १९७० आणि १९७१ असे सलग दोनदा महाराष्ट्र केसरी, १९७४ च्या ख्राइस्टचर्च राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक, २०१८ मध्ये ध्यानचंद पुरस्कार. पुढे त्यांचा मुलगा विनोद चौगुले हाही महाराष्ट्र केसरी झाला. वर्तमानपत्रांना यात बाप-लेकाची जोडी दिसते आणि ती आहेही. पण दोघांच्या मधे आणि भोवती तालीम उभी आहे: दुसऱ्या घरांतून आलेले पठ्ठे, एकाच हौदातली माती आणि सगळ्यांवर चालणारा एक शब्द. खाशाबा जाधवांचंही तसंच. वडील दादासाहेब पैलवान, पहिले धडे त्यांचेच. पण १९५२ मध्ये हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकलं. त्या कांस्यपदकाचा वारसा कुणाचा, हे ठरवताना त्या घराच्या कागदपत्रांना विसरून चालणार नाही.

हे सगळं चांगलंच होतं असं मी म्हणत नाही. तालमीत मार होता, जात होती, मुलींना उंबरठाही ओलांडता येत नव्हता. आणि घराण्याची इज्जत आपल्या उपखंडातही पोरांच्या खांद्यावर लादली गेली. गामा पैलवानाचा भाऊ इमामबक्ष, त्याचे मुलगे भोलू आणि त्याचे भाऊ. फाळणीनंतर पाकिस्तानात नावाजलेलं हे घराणं. १९७६ मध्ये कराचीत यातल्या अक्रमने जपानच्या अंतोनियो इनोकीशी झुंज घेतली आणि हात मोडून घेतला. तीन वर्षांनी लाहोरला त्याचा पुतण्या झारा इनोकीपुढे उभा राहिला, वय विशीच्या आतलं. या वेळी इनोकीने स्वतः झाराचा हात उंचावला. झारा १९९१ मध्ये, तिशी ओलांडता ओलांडता वारला. पुढे त्याच इनोकीने या घरातल्या पुढच्या पिढीतल्या एका मुलाला शिकवण्यासाठी जपानला नेलं. घराण्याबाहेरच्या, तेही एके काळच्या शत्रूच्या हाती मूल सोपवायला हे घर तयार झालं, ही गोष्ट मला त्या दोन्ही झुंजींपेक्षा मोठी वाटते.

आता आपल्या पडद्याकडे पाहू. ‘दंगल’ (२०१६) आपण टाळ्या वाजवत पाहिला. तिथेही बाप हाच वस्ताद. फरक इतकाच, की कथा बापाला बरोबर ठरवते. त्यासाठी तिने काय केलं बघा. गीता फोगाटच्या २०१० च्या अंतिम लढतीच्या वेळी राष्ट्रीय प्रशिक्षक बापाला खोलीत कोंडून ठेवतो, हा प्रसंग रचला. तसं प्रत्यक्षात घडलं नव्हतं. म्हणजे बाप आणि मुलगी यांच्यामधे जो तिसरा माणूस असायला हवा, त्यालाच खलनायक करून टाकलं. फोगाट बहिणींचं यश खरं आहे आणि मोठं आहे. पण ‘दंगल’ आणि ‘द आयर्न क्लॉ’ शेजारी ठेवून पाहिले की जाणवतं, दोन्ही घरांची रचना एकच आहे. एका घरात पदकं आली, म्हणून आपण त्या रचनेला संस्कार म्हणालो.

माझं खरं भांडण मात्र ख्रिसबद्दल आहे. पाच कुस्तीगीर भावांतला हा धाकटा चित्रपटात नाहीच. आणखी एक मरण चित्रपटाला पेलवलं नसतं, असं डर्किनने त्याचं कारण दिलं. हिशेब म्हणून ते मला समजतं. पण ख्रिस बुटका होता, त्याला दमा होता, अंगकाठी या खेळाची नव्हती. बाकीच्या भावांबद्दल ‘यांच्यात गुण तरी होते’ असं म्हणता येतं. ख्रिसबद्दल तेही नाही. तो रिंगणात उतरला, कारण त्या घरात दुसरं काही होताच येत नव्हतं. चित्रपटाचं जे म्हणणं आहे, त्याचा सगळ्यात मोठा पुरावा ख्रिस होता. त्याला वगळल्यामुळे गोष्ट सोसण्याजोगी झाली, आणि मोठ्या, देखण्या, गुणी मुलांची शोकांतिका झाली. न जमणाऱ्या मुलाचं काय होतं, हा प्रश्न बाहेर राहिला.

तो प्रश्न मला का टोचतो, ते सांगून टाकतो. माझा आजा दंगलीत खेळायचा. कोल्हापूरसारखा राजाश्रय आमच्याकडे नव्हता. १९१२ मध्ये तिथे शाहू महाराजांचं खासबाग मैदान उभं राहिलं, तेव्हा आमच्याकडे हनुमानाच्या देवळामागे माती उकरून आखाडा व्हायचा. खुराक म्हणजे भात, घरचं दूध आणि इनामात मिळालं तर नारळ. १९७५ मध्ये महाराष्ट्र केसरीची स्पर्धा चंद्रपुरात झाली आणि रघुनाथ पवार केसरी झाले. आजा माझ्या बाबांना घेऊन ती पाहायला गेला होता. परत आल्यावर त्याने बाबांना आखाड्यात घातलं. बाबा तेव्हा पंधरा वर्षांचे होते. चार महिन्यांनी गावच्या वस्तादाने आजाला बोलावून सांगितलं, “या टुऱ्याले शाळेत धाड. याचा जीव मातीत नाही.”

आजा आठ दिवस घरात कुणाशी बोलला नाही. पण वस्तादाचा शब्द त्याने मोडला नाही. बाबा शिकले, गडचिरोली जिल्ह्यात मास्तर झाले, आणि जन्मभर एकाही दंगलीला गेले नाहीत. नाकारलं गेल्याचा सल त्यांच्या मनात होता. लंगोट परत करताना सगळी पोरं बघत होती, असं ते एकदाच बोलले. मी अनेक वर्षं असं समजत होतो, की आमच्या घरातली कुस्ती त्या दिवशी संपली.

चित्रपटाच्या शेवटी केव्हिन आपल्या मुलांना अंगणात खेळताना पाहतो आणि रडतो. मुलं जवळ येऊन त्याची समजूत काढतात. साखळी तुटली, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात केव्हिनचे दोन मुलगे, रॉस आणि मार्शल, पुढे कुस्तीगीरच झाले. मला यात विरोधाभास दिसत नाही. वारसा चालू राहणं वाईट नाही आणि थांबणंही वाईट नाही. थांबायची मोकळीक होती का, एवढंच पाहायचं असतं. केव्हिनच्या भावांना ती नव्हती. माझ्या बाबांना एका वस्तादाने ती त्यांच्या मनाविरुद्ध दिली.

त्या वस्तादाचा फोटो कुठेच नाही. यंदाच्या मंडईत गेलो, तेव्हा देवळामागे आखाड्याची जागा शोधली. तिथे आता नाटकाच्या प्रेक्षकांच्या गाड्या उभ्या राहतात. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, “डाव्या अंगाला आणखी थोडं पुढे. चिंचेजवळ.” पन्नास वर्षांनीही त्यांना नेमकी जागा ठाऊक होती.