क्षारता मोजणारं उपकरण नक्की काय मोजतं?

"ताई, खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी कोणता मीटर घेऊ?" असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, तो चुकतोय हे तुला कसं कळणार? विकत घेताना आपण किंमत, डिजिटल आकडे आणि डब्यावरची अचूकता बघतो. संशोधनाची तयारी करणाऱ्याला एवढी तुलना पुरत नाही, असं माझं मत आहे. ते मला स्वतःच्या चुकीतून मिळालंय.

तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली मुंबईत मरीन ड्राइव्हवर उभं राहिलं, अगदी समुद्राला लागून. कसारा घाट चढून घोटीत आलं की समुद्र म्हणजे पाकिटातलं मीठ आणि आरओचं पाणी. ते मिश्रण समुद्रासारखं झालंय की नाही, हे मीटरच सांगणार.

एमएस्सीला असताना मी घरच्या टाकीवर छोटा प्रकल्प केला. बाष्पीभवनामुळे क्षारता कोणत्या ऋतूत किती वाढते, हा प्रश्न. पावसाळ्यातली मापं उसन्या रिफ्रॅक्टोमीटरने घेतली. तो परत दिल्यावर उन्हाळ्यात कंडक्टिव्हिटी मीटर वापरला. निष्कर्ष आला, उन्हाळ्यात क्षारता दर हजारी एकाने कमी! घोटीचा पाऊस पाहिलेला कुणीही हसेल. मी मात्र कारणही शोधून काढलं: उन्हाळ्यात वरून गोडं पाणी जास्त घातलं गेलं असावं. त्यावर दोन पानं लिहिली. मॅडमनी एकच विचारलं, "दोन्ही उपकरणांना एकच पाणी दाखवलंस का?"

नव्हतं दाखवलं. दाखवलं तेव्हा रिफ्रॅक्टोमीटर सुमारे दीडने जास्त निघाला.

कारण साधं आहे. यातलं कोणतंच उपकरण थेट क्षारता मोजत नाही. ते पाण्याचा दुसराच एखादा गुणधर्म मोजतं आणि एक गृहीतक धरून त्याची क्षारता करून देतं.

हायड्रोमीटर घनता मोजतो. तो स्वस्त आहे, बॅटरी लागत नाही. पण प्लास्टिकच्या हलत्या काट्याला बुडबुडा चिकटला तर माप जास्त येतं, मीठ साचलं तर कमी. काचेचा बरा, पण त्यावर लिहिलेलं तापमान वाचा. १५.६ अंशांसाठी बनवलेला हायड्रोमीटर २५ अंशांच्या, ३५ क्षारतेच्या पाण्यात सुमारे १.०२४ दाखवतो. त्या तापमानाला खरी सापेक्ष घनता १.०२६४ असते.

रिफ्रॅक्टोमीटर प्रकाश किती वळतो ते मोजतो. एक-दोन थेंब पुरतात, म्हणून सगळ्यांना आवडतो. पण बाजारातल्या बऱ्याच रिफ्रॅक्टोमीटरची पट्टी समुद्राच्या पाण्यासाठी नसते, साध्या मिठाच्या द्रावणासाठी असते. असा रिफ्रॅक्टोमीटर ३५ च्या समुद्रजलाला सुमारे ३६.५ म्हणतो. माझा दीड इथून आला. मी डिस्टिल्ड वॉटरने शून्य जुळवून निर्धास्त होते. शून्य बरोबर असलं म्हणजे ३५ बरोबर असतं असं नाही.

कंडक्टिव्हिटी मीटर विद्युतवाहकता मोजतो. १९७८ ची प्रात्यक्षिक क्षारता श्रेणीही वाहकतेवरच ठरवलेली आहे. तिचा आधार म्हणजे एक किलो द्रावणात ३२.४३५६ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड. इथे शत्रू तापमान. एका अंशाने वाहकता साधारण २ टक्क्यांनी बदलते. घोटीतल्या डिसेंबरच्या सकाळी याचा विसर पडून चालत नाही. आणि पिण्याच्या पाण्याचा स्वस्त टीडीएस पेन या कामाचा नाही, समुद्राचं पाणी सहसा त्याच्या कक्षेबाहेर असतं.

तिन्हींचं गृहीतक एकच: पाण्यातल्या क्षारांचं आपसातलं प्रमाण समुद्रासारखं आहे. लोणार सरोवरात बुडवा, आकडा येईलच. पण तिथे सोडियम कार्बोनेट-बायकार्बोनेट भरपूर आहे, त्यामुळे समुद्रासाठी बनवलेल्या पट्टीवरच्या त्या आकड्याला फारसा अर्थ नाही. उपकरण बिघडलेलं नसतं, प्रश्न चुकीचा असतो.

मग घ्यायचं काय? घरच्या टाकीला समुद्रजलाची पट्टी असलेला रिफ्रॅक्टोमीटर आणि ३५ चं प्रमाण द्रावण. द्रावण विकत मिळालं नाही तर ३६.५ ग्रॅम शुद्ध, कोरडं सोडियम क्लोराइड ९६३.५ ग्रॅम डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवा, त्याचा अपवर्तनांक ३५ च्या समुद्रजलाइतका येतो. हे फक्त रिफ्रॅक्टोमीटरसाठी, कंडक्टिव्हिटी मीटरला चालत नाही. प्रबंधासाठी मापं घेणार असाल तर मी कंडक्टिव्हिटी मीटर सुचवेन. त्याला ३५ च्या समुद्रजलाइतकं, म्हणजे २५ अंशांना सुमारे ५३ मिलिसीमेन्स प्रति सेंटीमीटरचं प्रमाण द्रावण लागेल. पैसे कमी असतील तर मीटर साधा घ्या, पण प्रमाण द्रावण सोडू नका.

आणि वहीत दर वेळी लिहा: कोणतं उपकरण, पाण्याचं तापमान, प्रमाण द्रावणाचं माप, तारीख. मध्येच उपकरण बदललं तर जुनं-नवं काही दिवस एकाच पाण्यात चालवा. दीड वजा करून माझी मापं वाचली असती, पण पावसाळ्यात शून्य कधी तपासला याची नोंदच नव्हती. चार महिन्यांची मापं सोडून द्यावी लागली. माशांना काहीच झालं नव्हतं. त्यांना एक-दीडचा फरक सहसा चालतो, माझ्या निष्कर्षाला चालला नाही.