वाघ ‘दिसला’ म्हणजे नेमकं काय झालं?

गेल्या काही व्याख्यानांत आपण प्रमाणांचा विचार करत आहोत. एखादी गोष्ट ‘मला कळली’ असं आपण म्हणतो, तेव्हा ती कशाच्या बळावर कळली, हा तो प्रश्न. आमच्या शास्त्रात त्यासाठी घट आणि पट, धूर आणि अग्नी अशी ठरलेली उदाहरणं आहेत. वर्गात ती सांगून सांगून आमचाच धूर झाला आहे. म्हणून आज सिंह, वाघ आणि बिबट्या घेऊ. तेही रानातले नव्हेत, पडद्यावरचे.

आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाद घालायला सोपं जाईल. प्राणिपट आपल्याला प्रत्यक्ष दाखवल्याचा आव आणतो. देतो मात्र बहुतांशी अनुमान आणि शब्द. अनुमान वाईट नाही, शब्दही वाईट नाही. तक्रार एवढीच की त्यांवर प्रत्यक्षाचा शिक्का मारून ते आपल्या हाती दिले जातात.

आफ्रिकेच्या गवताळ प्रदेशातला, सेरेंगेटीचा किंवा मसाई माराचा, एक नेहमीचा प्रसंग आठवा. पिवळं गवत, त्यात दबा धरलेली सिंहीण, पलीकडे चरणारा झेब्र्यांचा कळप. सिंहिणीचा कान हलतो. गवत सळसळतं. तिचा श्वास ऐकू येतो. मग झेप, धूळ, आणि निवेदक सांगतो की गेले तीन दिवस तिची पिल्लं उपाशी आहेत.

यात आपण इंद्रियांनी काय ग्रहण केलं? कॅमेरा शेकडो फुटांवर गाडीत आहे. लांब पल्ल्याच्या भिंगाने दृश्य जवळ येतं, आवाज येत नाही. ती सळसळ आणि तो श्वास बहुतेक वेळा नंतर स्टुडिओत घातलेला असतो. कान हलला तो एका सकाळी आणि झेप घेतली ती दुसऱ्या आठवड्यात, असंही असू शकतं. झेब्र्याने मान वर केली ती भलत्याच कारणाने. दोन तुकडे एकापुढे एक ठेवले की मधला कार्यकारणभाव प्रेक्षक स्वतःच्या पदरचा घालतो. आणि पिल्लांची भूक तर निव्वळ शब्द! निवेदकावर विश्वास ठेवून आपण ती मान्य करतो. नैयायिक आप्त कोणाला म्हणतात? ज्याला गोष्ट जशी आहे तशी माहीत आहे आणि जो ती तशीच सांगू इच्छितो त्याला. डेव्हिड अ‍ॅटनबरोंच्या बाबतीत पहिली अट पुरी होते याबद्दल आमच्या मनात शंका नाही. दुसरी अट एकट्या निवेदकाच्या हातात राहत नाही, ती संकलकाच्या टेबलावर ठरते.

‘यानं काय बिघडलं, गोष्ट रंगली की झालं’ असं कुणी म्हणेल. काय बिघडतं ते तरसावरून बघा.

सिंह राजा आणि तरस चोर, ही कथा आपण सगळ्यांनी पाहिली आहे. तिच्यामागे एक खरंखुरं प्रत्यक्ष होतं. सकाळी गाडी घेऊन गेलं की मेलेल्या जनावरावर सिंह बसलेले असत आणि भोवती तरसं जिभा चाटत उभी असत. डोळ्यांनी पाहिलेलं आहे, खोटं कसं म्हणणार? हान्स क्रूक या प्राणिशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात टांझानियातल्या गोरोंगोरोच्या विवरात ठिपक्यांच्या तरसांच्या मागे रात्री गाडी नेली. त्याला दिसलं ते उलटंच. तरसं टोळीने शिकार करत होती, गलका ऐकून सिंह येत होते आणि त्यांना हुसकावून शिकार बळकावत होते. सकाळचा फोटो खरा होता. चोर कोण आणि धनी कोण, एवढंच उलटं वाचलं गेलं होतं. क्रूकचं पुस्तक १९७२मध्ये आलं. शालरचं सेरेंगेटीच्या सिंहांवरचं पुस्तकही त्याच वर्षीचं. सिंहदेखील दुसऱ्याच्या शिकारीवर राजरोस ताव मारतो, हे त्यातही आहे.

तुम्हाला मीमांसकांचा देवदत्त आठवला असेल. अंगाने भरलेला, दिवसा जेवताना दिसत नाही, तेव्हा तो रात्री जेवत असला पाहिजे. याला अर्थापत्ती म्हणतात. तरसाच्या बाबतीत ही अर्थापत्ती लावायला कुणालाही मज्जाव नव्हता. एवढी तरसं सिंहाच्या उष्ट्यावर पोसली जातील, हा हिशेब जुळतो का, असं कुणी विचारायला हवं होतं. पण दिवसा जे दिसतं त्याची गोष्ट इतकी बेतशीर झाली होती की रात्रीबद्दल विचारायची गरजच भासली नाही. आणि पुस्तक येऊन पन्नास वर्षं झाली तरी पडद्यावरचं तरस अजून चोरच आहे. त्याचा चेहरा तसा पडला, दुसरं काय!

आता चौकटीबाहेर काय राहतं त्याकडे वळू. १९९६मध्ये बीबीसीने ‘बिग कॅट डायरी’ सुरू केली. मसाई मारातल्या सिंह, बिबट्या आणि चित्त्यांच्या कुटुंबांचा रोजच्या रोज माग, अशी ती मालिका. आमच्या मते ती इतरांपेक्षा प्रामाणिक. गाडी दिसते, निवेदक गाडीत बसलेला दिसतो, जनावर हरवलं तर हरवलं म्हणतो. पण त्याबरोबर जनावरांना नावं आली, घराणी आली, आणि दैनिक मालिकेत येतं ते सगळंच आलं. त्यातला मार्श प्राइड हा सिंहांचा कळप जगप्रसिद्ध झाला. डिसेंबर २०१५मध्ये त्याच कळपावर विषप्रयोग झाला. सिंहांनी गुरं मारली होती आणि गुराख्यांनी मेलेल्या गुरात विष घातलं. जगभर हळहळ झाली, व्हायलाच हवी होती. पण ज्यांनी वर्षानुवर्षं या सिंहांना नावानिशी ओळखलं, त्यांना हा गुराखी आकाशातून पडल्यासारखा वाटला. तो तिथलाच होता. त्याची गुरं, त्याचं कर्ज, दुष्काळात चाऱ्यासाठी त्याने ओलांडलेली हद्द, हे काहीच गोष्टीत मुख्य नव्हतं. चौकटीत नाही म्हणून रानात नाही, असा आपला ग्रह होतो. गवताळ प्रदेश ‘निर्मनुष्य’ दिसावा म्हणून कॅमेरा किती अंशांनी वळवावा लागतो, याचा हिशेब एकदा कुणीतरी मांडावा.

पाहणाऱ्याचं ओझंही मोजलं गेलं आहे. फेमके ब्रुखाउस यांनी मसाई मारातल्या चित्त्यांच्या माद्यांचा अभ्यास २०१८मध्ये प्रसिद्ध केला. जिथे पर्यटकांच्या गाड्या कमी, तिथे एका मादीची सरासरी २.३ पिल्लं स्वतःच्या पायावर उभी राहिली. जिथे गाड्यांची गर्दी, तिथे ०.२. म्हणजे जवळजवळ काहीच नाही. ज्या दृश्यासाठी आपण जातो, ते आपल्या जाण्यानेच पुसलं जातं.

हे आफ्रिकेचं झालं, आपल्याकडे या. ३१ डिसेंबर २०२४ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात गोठणगावच्या बाजूला ‘एफ-२’ ही वाघीण आणि तिचे पाच बछडे रस्त्यावर आले. दोन्ही बाजूंनी जिप्सी लागल्या आणि सहाही जीव मध्ये अडकले. चित्रफीत सगळीकडे फिरली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, गाईड आणि जिप्सीचालकांवर कारवाई झाली. ते योग्यच. पण आम्हाला त्या चित्रफितीतली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. तिच्यात गाड्या दिसतात! एरवी प्रत्येक जिप्सीतला माणूस फोटो असा घेतो की समोरची जिप्सी त्यात येऊ नये. त्या दिवशी घेतलेला एखादा फोटो कुणाच्या दिवाणखान्यात लागला असेल, तर त्यात रानाच्या वाटेवर निवांत चालणारी आई आणि तिची पिल्लं असतील. खोटा फोटो नाही तो. शेजारची जिप्सी कापली, एवढंच.

गाईडला दंड झाला. पण त्याला घाई कुणी लावली? ‘मागच्या खेपेला दिसला नाही, या वेळी दाखवाच’ म्हणणारा प्रेक्षक आपल्यातलाच आहे. पन्नास मिनिटांच्या चित्रपटात वाघ चाळीस मिनिटं दिसतो. तेच प्रमाण तो चार तासांच्या सफारीला लावतो.

मराठीत या विषयावर एक कथापट आहे, सुजय डहाके यांचा ‘आजोबा’, २०१४चा. त्यामागची घटना तुम्ही ऐकली असेल. २००९मध्ये नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीत एक वयस्कर बिबट्या पडला. विद्या अत्रेय आणि वनविभागाने त्याला जीपीएस पट्टा लावून माळशेज घाटात सोडलं. तो चालत चालत, रेल्वे आणि महामार्ग ओलांडत, सुमारे १२० किलोमीटरवर मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाकडे पोचला. वाटेत इतकी वस्ती, आणि कुणाला इजा केल्याची नोंद नाही. डिसेंबर २०११मध्ये महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो गेला. अंगातल्या चिपवरून ओळख पटली.

कथापट गोष्ट रचणारच, त्याबद्दल त्याला बोल लावता येत नाही. आपण उर्मिला मातोंडकरांना बघतो आहोत हे प्रेक्षकाला ठाऊक असतं, त्यामुळे प्रत्यक्षाचा दावा मुळात नाहीच. या अर्थाने ‘आजोबा’ पुष्कळ माहितीपटांपेक्षा सरळ आहे. आमची तक्रार वेगळी आहे. चित्रपटाला पाठलाग लागतो. पट्ट्याने नेमका पाठलागच अनावश्यक केला होता. खरी घटना अशी की काही तासांनी नकाशावर एक बिंदू येतो, मग दुसरा, आणि मधलं काहीच माहीत नाही. तो झोपला, शेळी मारली, कुणाच्या पडवीमागून गेला? बिंदूंमधली रेघ आपण काढतो, आणि ती आपण काढली आहे हे दिसत राहतं. अनुमान असं असावं, आपल्या फटी उघड्या ठेवून. त्या फटींमध्येच अर्धा महाराष्ट्र निजला होता आणि त्याला पत्ता नव्हता. यापेक्षा मोठं नाट्य कुठल्या पाठलागात मिळणार?

अकोल्याच्या खोऱ्यातही हेच. हा नगरचा अकोले तालुका, विदर्भातलं अकोला नव्हे. अत्रेय आणि सहकाऱ्यांनी तिथे ऊस आणि मक्याच्या शेतांत कॅमेरे लावले. २०१३मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की १०० चौरस किलोमीटरला सुमारे पाच बिबटे, आणि तेवढीच तरसं, दाट वस्तीत. त्या भागात वाघोबाची ठाणी आहेत. गावकऱ्यांच्या बोलीत ‘वाघ’ या शब्दात पट्टेरी आणि ठिपकेवाला दोघेही येतात. शहरी माणूस बिबट्याला ‘चित्ता’ म्हणतो, ते मात्र चूक. वाघोबाच्या शिळेवरचा वाघ कुणी पाहून कोरला की नाही, हा प्रश्नच तिथे नसतो. तो आहे, आपल्या हद्दीत आहे, त्याचा मान ठेवायचा. या श्रद्धेचं उदात्तीकरण करायची आमची इच्छा नाही. ज्या घरातलं मूल बिबट्याने नेलं, त्या घरासमोर उभं राहून सहजीवनावर व्याख्यान देणं निर्दयपणाचं आहे. पण त्या शिळेच्या चौकटीत माणूस आणि जनावर दोघे आहेत, एवढं खरं.

आपल्या शहराचंही पाहू. डिसेंबर २०१९मध्ये सिडकोच्या एन-१ भागात बिबट्या शिरला तेव्हा त्याला बेशुद्ध करून पकडेपर्यंत वनविभागाला बिबट्यापेक्षा मोबाइल उंचावलेल्या गर्दीशीच जास्त झुंजावं लागलं असेल. २०२४च्या जुलैत उल्कानगरीत एक बिबट्या सीसीटीव्हीत दिसला. रात्रीची रिकामी गल्ली, आणि एक जनावर कुणाकडेही न बघता निघून जातं. निवेदन नाही, संगीत नाही. ती काही सेकंदांची फीत ज्यांनी पाहिली ते अनेक दिवस संध्याकाळी पोरांना बाहेर सोडत नव्हते. गल्ली आपली होती ना!

शेवटी गौताळा. कन्नड-चाळीसगाव पट्ट्यातलं हे २६० चौरस किलोमीटरचं अभयारण्य १९८६ सालचं. पितळखोऱ्याची लेणी बघायला गेलेल्यांना ते माहीत आहे. इथे वाघ नाही, हे आपण सगळे धरून चाललो होतो. मार्च २०२१मध्ये तिथल्या कॅमेरा ट्रॅपमध्ये पट्टेरी वाघ आला. पट्टे जुळवून पाहिल्यावर तो यवतमाळच्या टिपेश्वरचा निघाला. १९४० नंतर प्रथमच, असं तेव्हा सांगितलं गेलं.

कुमारिल भट्टांच्या परंपरेत अनुपलब्धी हे वेगळं प्रमाण मानतात. टेबलावर घट दिसत नाही, म्हणून घट नाही हे कळतं. पण त्याला एक अट आहे: घट असता तर दिसला असता, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही म्हणून तो नाही असं म्हणता येत नाही. ‘१९४० नंतर वाघ नाही’ या वाक्यातल्या ऐंशी वर्षांपैकी किती वर्षं गौताळ्याची खोली उजेडात होती? कॅमेरे लागले अलीकडे. त्याआधी कुणी मधूनच चालत आला आणि निघून गेला, तर ते कळायला आपल्यापाशी काय होतं? ठसा आणि गुराख्याचं सांगणं. आणि त्या सांगण्याला आपण ‘त्याने बिबट्याच पाहिला असेल’ म्हणून उडवून लावतो. वाघ होताच, असं आम्ही म्हणत नाही. नव्हताच, हे म्हणायचा अधिकार कॅमेरे लावल्यावर मिळतो, इतकंच म्हणतो.

गुराख्याचं सांगणं हे शब्दप्रमाण आहे, आणि त्याला आप्त मानायचं की नाही हा मोठा प्रश्न आहे. तो पुढच्या व्याख्यानात घेऊ. येण्याआधी एक काम करा. कुठलाही एक प्राणिपट आवाज बंद करून दहा मिनिटं पाहा आणि काय दिसलं ते कागदावर लिहून आणा. फक्त दिसलं तेच लिहायचं, कळलं ते नको.