'बाय' म्हणजे दोनच का? लेबलांवरचे पेपर वाचताना

बायसेक्शुअल आणि पॅनसेक्शुअल यांत फरक काय, असं विचारणाऱ्याला बहुधा एका ओळीचं उत्तर हवं असतं. बाय म्हणजे दोन लिंगांबद्दल आकर्षण, पॅन म्हणजे सगळ्यांबद्दल. हे वाक्य प्रपोजलमध्ये घातलंत तर पहिल्याच प्रश्नाला अडकाल, कारण ते शब्द फोडून काढलेलं आहे, शब्द वापरणाऱ्या माणसांना विचारून नाही.

शब्दच फोडायचा तर मराठीतली गंमत बघा. शाळेत आपण जास्वंदीच्या फुलावर 'द्विलिंगी' शिकलो, एकाच फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर. इंग्रजी 'बायसेक्शुअल'चा जुना अर्थही हाच. म्हणजे 'दोन' होते ते त्या जीवाच्या अंगात. आकर्षणाचा अर्थ नंतर चिकटला. 'पॅनसेक्शुअलिझम' तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रॉइडवरचा आरोप होता, की हा माणूस सगळंच कामप्रेरणेवर नेऊन ठेवतो. तेव्हा 'बाय म्हणजे दोन' हा युक्तिवाद मला लंगडा वाटतो. (त्या न्यायानं ऑक्टोबर आठवा महिना व्हायला हवा.)

'बाय हे लेबल ट्रान्स माणसांना वगळतं' हा आक्षेपही इतिहासापुढे टिकत नाही. १९९० साली सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या 'एनिथिंग दॅट मूव्ह्ज' या मासिकानं छापलेल्या जाहीरनाम्यातच लिंगभाव दोनच आहेत असं गृहीत धरू नका, असं बजावलेलं आहे. रॉबिन ऑक्स यांची बरीच वापरली जाणारी व्याख्याही 'एकापेक्षा अधिक' म्हणते, 'दोन' नाही.

मग फरकच नाही का? तसंही नाही. गालुपो आणि सहकाऱ्यांचा २०१७चा लेख जरूर वाचा. त्यांनी लोकांना आपली ओळख स्वतःच्या शब्दांत लिहायला सांगितली. 'लिंगभाव कुठलाही असो' हा सूर पॅन म्हणवणाऱ्यांकडे ठळक आहे. पण बाय म्हणवणारेही तसं म्हणतात, आणि दोन्हींची सरमिसळ भरपूर आहे. फ्लँडर्स आणि सहकाऱ्यांनी त्याच वर्षी तरुण बाय आणि पॅन लोकांकडून व्याख्या घेतल्या, तिथंही रेघ पुसटच. माझं मत असं की फरक आकर्षण 'किती' लिंगभावांचं यात कमी आणि त्या आकर्षणात लिंगभावाला 'किती वजन' यात जास्त आहे. तोही कल आहे, कुंपण नव्हे.

तिसरा पेपर मोरांडिनी आणि सहकाऱ्यांचा, ऑस्ट्रेलियातला, तोही २०१७चाच. पॅन म्हणवणारे वयानं लहान, आणि त्यांच्यात सिसजेंडर नसलेल्यांचं प्रमाण जास्त, असं त्यात दिसतं. शीर्षकात प्रश्न आहे तो ही ओळख 'कोण स्वीकारतं' एवढाच. हा नेमकेपणा मला आवडतो. घोटाळा होतो तो पुढे, लेखाचा हवाला देणाऱ्यांकडून. लेबल कोण घेतं यावरून लेबलचा अर्थ काढता येत नाही. तरुण मुलांना तो शब्द इंटरनेटवर सहज भेटला, एवढंही कारण असू शकतं.

हे नुसतं शब्दांचं भांडण वाटत असेल तर मानसिक आरोग्याच्या अभ्यासाकडे या. पॅन लोकांना वेगळा गट केलंत, तर उरलेला बाय गट आपोआप वयानं मोठा आणि जास्त सिसजेंडर होईल. मग ताणात दिसलेला फरक लेबलचा की वयाचा? उलट दोघांना एकत्र केलंत, तर ट्रान्स असलेल्या पॅन मुलांचा त्रास सरासरीत बुडून जातो. आणि 'एकच पर्याय निवडा' म्हटलं, की दोन्ही लेबलं वापरणारा माणूस (मित्रांत पॅन, डॉक्टरकडे बाय, कारण तिथं समजावत कोण बसणार?) तुमच्या डेटातून अर्धा गायब.

मराठी प्रश्नावलीत आणखी एक खड्डा आहे. 'उभयलिंगी' छापलंत तर वाचणारा शरीररचनेचा प्रश्न समजेल. 'उभयलैंगिक' बरं. 'सर्वलैंगिक' मात्र पॅन म्हणवणाऱ्यालाही ओळखीचं वाटेलच असं नाही. त्यापेक्षा देवनागरीत सरळ 'पॅनसेक्शुअल' लिहा, शेजारी एका ओळीत अर्थ द्या. एकाहून जास्त खुणा करू द्या, एक ओळ रिकामी सोडा. आकर्षण, वर्तन आणि ओळख वेगवेगळे विचारा. फ्रिट्झ क्लाईन यांच्या सात घटकांच्या तक्त्यात हे तिन्ही आधीपासूनच सुटे आहेत. रिकाम्या ओळीतली उत्तरं कोड करायला वेळ लागतो, गाइड कुरकुरतील. तो वेळ आत्ताच वेळापत्रकात धरा.