दादीला उत्तर कोण देतं?

महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’वर मी बऱ्याच वर्षांपूर्वी एक लेख लिहिला होता. नाटकातली दादी पुन्हापुन्हा वेळ विचारते. त्या विचारण्याला मी ‘सरंजामी काळाचा अडकलेला लंबक’ म्हटलं होतं. वाक्यावर तेव्हा मी खूश होतो. आज ते मागे घ्यायचं आहे.

मधल्या काळात काटोलच्या आमच्या घरात आईचं विसरणं सुरू झालं आणि ते नऊ वर्षं चाललं. संत्र्याचा बगिचा केव्हाच विकला होता, पण ती विचारायची, ‘‘पाणी सोळलं का रे बाबू?’’ आंबिया बहारासाठी झाडांना ताण देतात. तो तोडून पहिलं पाणी सोडायचा दिवस चुकला, तर वर्ष हातचं जातं. सगळं आयुष्य त्या दिवसाच्या धाकात गेलेलं. उत्तर मिळालं नाही की ती उठून दाराची कडी काढायची, रात्री दोनलाही. हा प्रश्न प्रतीक नव्हता, काम होतं. आणि त्यातलं बहुतेक काम माझ्या बायकोनं केलं. मी आत बसून एलकुंचवारांवर टिपणं काढत होतो.

१९८५ साली विजया मेहता यांनी रंगभूमीवर आणलेल्या या नाटकाबद्दल बोलताना आपण अंगणात गंजणारा ट्रॅक्टर, खचणारा वाडा आणि दादी ही एकाच यादीत घालतो. माझ्या लेखातही ती यादी होती. पण ट्रॅक्टरला न्हाऊ घालावं लागत नाही. तात्याजी वारले म्हणून घर जमलं आहे आणि दादी त्याच गेलेल्या मुलाला, व्यंकटेशला, हाक मारते आहे. तिला खरं सांगायचं की नाही? मी सुरुवातीला आईला खरं सांगायचो, ‘‘बगिचा विकला, आई.’’ दर वेळी ती ते पहिल्यांदाच ऐकायची आणि रडायची. वाड्यातली वाटणी, दागिने, तेरवीचा खर्च यांवर समीक्षेनं भरपूर लिहिलं. आई, वहिनी आणि घरगड्यासारखा राबणारा चंदू यांच्या अंगावर पडलेल्या या म्हातारपणावर मात्र फारसं नाही. विदर्भातला वाडा शोकात्म आहे हे आम्हाला दिसलं. तो चालवतं कोण, हे दिसलं नाही.

विस्मृतीच्या आजाराला मराठीत नाव घेऊन सामोरा गेलेला चित्रपट म्हणजे सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ (२०१३). मोहन आगाशे यांचे चक्रपाणी शास्त्री संस्कृतचे पंडित आहेत. मुलीच्या गाडीतून उतरून ते हत्तीमागे निघून जातात. इरावती हर्षे यांची इरा थकते, चिडते, आणि चित्रपट तिला खलनायिका करत नाही, हे त्याचं मोठेपण. माहुताची बायको चन्नम्मा त्यांना लेकरासारखं सांभाळते. अमृता सुभाष यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि तो योग्यच होता. तरी माझी तक्रार आहे. चन्नम्माची माया थोडक्या वेळाची आहे. शास्त्री तिच्याकडे राहिले असते, तर चौथ्या महिन्यात ती काय म्हणाली असती? शिवाय पंडिताचं विसरणं आपल्याला उदात्त वाटतं, कारण त्याच्याकडे विसरायला श्लोक असतात. शाळेची पायरी न चढलेल्या बाईच्या विसरण्याला आपण ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून मोकळे होतो.

आकडे मात्र त्या बाईकडेच बोट दाखवतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाखांना, डिमेन्शिया असल्याचा अंदाज निघाला. प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत जास्त होतं. चाचण्यांचीही गंमत बघा. नागपूरच्या एका दवाखान्यात आईला तारीख विचारली, एक वाक्य लिहायला सांगितलं. तिला महिना तिथीवरून कळायचा आणि सही म्हणजे अंगठा. नव्वदच्या दशकात हरियाणातल्या बल्लभगडच्या अभ्यासकांनी याच अडचणीपायी ही चाचणी निरक्षरांसाठी हिंदीत नव्यानं घडवली होती. लिहिता येत नाही आणि आठवत नाही, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्यांना ओळखता आलं. आमच्या समीक्षेला तेही जमलेलं नाही.

या वर्षी नाटक पुन्हा वाचताना मी दादीचं प्रत्येक विचारणं पेन्सिलीनं खुणावत गेलो आणि शेजारी लिहीत गेलो, त्या क्षणी रंगमंचावर कोण आहे, कुणाचे हात रिकामे आहेत, कोण ऐकून न ऐकल्यासारखं करतं. बायकोनं वही चाळली. म्हणाली, ‘‘तुमचा रकाना कुठे आहे?’’

तिचं स्वतःचं उत्तर नऊ वर्षं एकच होतं, ‘‘सोळलं आई, दोन्ही वाफ्यांत.’’ मग आई विचारायची, ‘‘कोणी सोळलं?’’ आणि बायको माझं नाव सांगायची.